बीए नक्की करतो काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे बीएच्या (सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर लोकांची खरी गरज शोधून काढणाऱ्याच्या) कामाबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं आणि इतके प्रश्न आले की सगळे छापणं शक्यच नाही. बरेच एकाच जातीचे होते ते एकत्र केलेत, काही लांब होते ते कापलेत, आणि कोणाची कंपनी किंवा क्लायंट ओळखू येईल असं जे होतं ते काढून टाकलंय. सुरुवात एका डेव्हलपरच्या प्रश्नाने करते, तो चिडून लिहिलेला आहे आणि त्याची चिडचिड मला पटते.

ताई, आमच्या प्रोजेक्टवर पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) आहे, टेक लीड (आमचा तांत्रिक प्रमुख) आहे, आम्ही डेव्हलपर आहोत, आणि मध्ये एक बीए आणून बसवलाय. क्लायंट बोलतो ते तो मेलमध्ये लिहून आम्हाला पाठवतो, आम्ही विचारतो ते क्लायंटला पाठवतो. मग आम्ही थेटच का बोलू नये? बीएमुळे प्रोजेक्ट यशस्वी होतो म्हणतात, तो कसा काय?
— एक डेव्हलपर

तुमचा बीए खरंच एवढंच करत असेल तर थेट बोला, काही बिघडणार नाही, उलट वेळ वाचेल. पण हे बीएचं काम नाहीये, हे बीएचं काम न झाल्याचं लक्षण आहे.

एक उदाहरण घेऊ. क्लायंट म्हणतो, या रिपोर्टला एक्सेल एक्सपोर्टचं बटण द्या. तुम्ही डेव्हलपर आहात, तुम्हाला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटतं, बटण लावून मोकळे. चांगला बीए इथे थांबतो आणि जो माणूस ते बटण रोज दाबणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि विचारतो की एक्सेलमध्ये घेतल्यावर पुढे काय करता? मग कळतं की तो माणूस दुसऱ्या एका सिस्टममधूनही असाच रिपोर्ट काढतो, दोन्ही शीट शेजारी ठेवून व्हीलुकअप (दोन याद्या जुळवून बघायचा एक्सेलचा फॉर्म्युला) लावतो, न जुळणाऱ्या एंट्री शोधतो आणि त्या तिसऱ्या कोणाला तरी मेल करतो, आणि यात त्याची रोजची सकाळ जाते. म्हणजे त्याला एक्सेल नकोच आहे, त्याला न जुळणाऱ्या एंट्रींची यादी हवी आहे. आता अजून एक प्रश्न, त्या एंट्री जुळत का नाहीत? तर एक सिस्टम दिवस संध्याकाळी बंद करते आणि दुसरी मध्यरात्री, त्यामुळे मधल्या वेळेतले व्यवहार एकीकडे आजच्या तारखेला पडतात आणि दुसरीकडे उद्याच्या. कदाचित दोन्हीकडची कट-ऑफ वेळ एक केली की बहुतेक प्रश्न सुटतो आणि एक ओळही कोड लिहावा लागत नाही. तुमचं बटण लागलं असतं, टेस्टिंग पास झालं असतं, वेळेत डिलिव्हर झालं असतं, आणि तो माणूस रोज सकाळी व्हीलुकअपच लावत बसला असता.

प्रोजेक्ट वेळेत आणि बजेटमध्ये बसवणं ही मुख्यतः पीएमची जबाबदारी, ते चालणारं बनवणं तुमची, पण ज्या त्रासासाठी हे सगळं चाललंय तो त्रास शेवटी गेला का, याचा पाठपुरावा पहिल्या दिवसापासून कोणीतरी करावा लागतो आणि ते बीएचं काम. कोणी वेगळा माणूस नसेल तर टेक लीडने करावं, पण कोणीतरी करायलाच हवं.

आणि हे सुरुवातीलाच का, तर पैशासाठी. बॅरी बोहम आणि व्हिक्टर बासिली या दोन सॉफ्टवेअर संशोधकांनी 2001 मध्ये लिहून ठेवलंय की चूक डिलिव्हरीनंतर सापडली तर ती दुरुस्त करायला रिक्वायरमेंट (म्हणजे सिस्टमने काय करायला हवं ते) ठरवायच्या आणि डिझाइनच्या टप्प्यात लागतो त्याच्या अनेकदा 100 पट खर्च येतो. हा आकडा सगळे बीए प्रेझेंटेशनमध्ये टाकतात पण त्याच लेखातली पुढची गोष्ट सांगत नाहीत, की लहान आणि फारशा जोखमीच्या नसलेल्या सिस्टममध्ये हे प्रमाण साधारण 5 पट असतं. तरी 5 पट म्हणजे काही कमी नाही.

तुम्ही मात्र एक करा, तुमच्या बीएला सांगा की क्लायंटच्या मीटिंगला आम्हालाही ने. चांगला बीए डेव्हलपरला युजरपासून लांब ठेवत नाही, त्या दोघांची भेट कामाची कशी होईल ते बघतो.

मी बीए म्हणून पहिलाच मोठा प्रोजेक्ट केला. सव्वाशे पानांचं डॉक्युमेंट लिहिलं, प्रत्येक सेक्शनवर क्लायंटची सही घेतली. यूएटीमध्ये (युजर स्वतः सिस्टम तपासतात त्या टप्प्यात) युजर म्हणाले हे आम्हाला नकोच होतं. साइन-ऑफ दाखवला तर म्हणे सही मॅनेजरने केली, आम्हाला कोणी विचारलं? आता सगळा दोष माझ्यावर. माझं कुठे चुकलं?
— नवीन बीए

असे प्रश्न सगळ्यात जास्त आले म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

डॉक्युमेंट मोठं असणं आणि ते समजलेलं असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या एफबीआयने केस फाइल कॉम्प्युटरवर आणायचा एक प्रोजेक्ट काढला होता, व्हर्च्युअल केस फाइल नावाचा. त्याचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट 800 पानांच्या वर होतं, स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं इथपर्यंत त्यात लिहिलेलं होतं. तरीही काम सुरू झाल्यावर शेकडो बदल येत राहिले आणि 2005 मध्ये सुमारे 17 कोटी डॉलर खर्च करून तो प्रोजेक्ट बंद करावा लागला. कारणं बरीच होती, फक्त डॉक्युमेंटला दोष देणं बरोबर नाही, पण 800 पानांनी त्यांना वाचवलं नाही एवढं तर नक्की.

दुसरं उदाहरण तुमच्या केसच्या जास्त जवळचं आहे. लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने 26 ऑक्टोबर 1992 ला कॉम्प्युटरवरून गाड्या पाठवायची नवी सिस्टम सुरू केली. ती सिस्टम असं धरून चालली होती की प्रत्येक गाडी आत्ता कुठे आहे आणि रिकामी आहे की भरलेली, ही माहिती तिला जवळजवळ अचूक मिळणार. प्रत्यक्षात रेडिओला काही भागात रेंज नव्हती, आणि गाडीवरची माणसं पेशंटला सांभाळायच्या गडबडीत बटणं चुकीच्या क्रमाने दाबायची किंवा दाबायचीच राहून जायची. मग सिस्टमला वाटायचं गाडी तिथे आहे आणि गाडी भलतीकडेच, एकाच कॉलला दोन गाड्या जायच्या आणि दुसऱ्या कॉलला कोणीच नाही, लोक परत परत फोन करायचे, इशाऱ्यांची यादी एवढी वाढली की महत्त्वाचे मेसेज स्क्रीनवरून वर सरकून दिसेनासे झाले. दुसऱ्याच दिवशी अर्धं काम पुन्हा हाताने सुरू करावं लागलं आणि 4 नोव्हेंबरला सिस्टम पूर्ण बंद पडली. नंतर चौकशी झाली, तिच्या अहवालात जी कारणं आली त्यात एक ठळक कारण हे होतं की ज्यांना ही सिस्टम रोज वापरायची होती त्यांचा ती बनवण्यात पुरेसा सहभागच नव्हता.

आता तुमच्याकडे बघू. मॅनेजरला प्रोसेस कशी असायला हवी ते माहीत असतं, काम करणाऱ्याला ती खरी कशी चालते ते माहीत असतं, आणि रिक्वायरमेंट बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या फरकात दडलेली असते. तो फरक कॉन्फरन्स रूममध्ये बसून सापडत नाही. पुढच्या वेळी काम करणाऱ्या दोघातिघांच्या बाजूला बसून बघा, नुसतं बघा, त्यांनी मॉनिटरला चिकटवलेले कागद बघा, त्यांची स्वतःची एक्सेल शीट मागून घ्या, कारण प्रत्येक खाजगी एक्सेल शीट म्हणजे चालू सिस्टममध्ये नसलेली एक रिक्वायरमेंट असते. गोष्टी बिघडतात तेव्हा काय करता हे आवर्जून विचारा. सगळं नीट चाललंय तो फ्लो सगळेच सांगतात, डॉक्युमेंटमध्येही तोच असतो, पण माल अर्धाच आला तर, ऑर्डर दोनदा एंटर झाली तर, मंजुरी देणारा रजेवर असेल तर, हे कोणी आपणहून सांगत नाही कारण त्यांना ते इतकं रोजचं झालेलं असतं की सांगण्यासारखं वाटतच नाही.

दुसरं, सही घेण्याच्या आधी दाखवा. कागदावर हाताने काढलेली स्क्रीन चालेल, पॉवरपॉइंट चालेल. युजरच्या हातात द्या आणि त्याला त्याचं काल केलेलं खरं काम त्यावर करून दाखवायला सांगा. सव्वाशे पानं वाचून ज्याला काही शंका आली नाही त्याला त्या एका कागदावर पाच मिनिटांत दहा शंका येतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला डॉक्युमेंटच्या आधी स्केचच काढायची सवय लागली आहे.

आणि साइन-ऑफ हा पुरावा म्हणून वापरू नका हो. ज्या दिवशी तुम्ही क्लायंटला त्याची सही दाखवता त्या दिवशी तुम्ही वाद जिंकता आणि विश्वास घालवता. सहीचा उपयोग एवढाच की इथपर्यंत आपल्या सगळ्यांची समजूत एक आहे आणि यापुढे बदल आला तर त्याचा वेळेवर आणि खर्चावर काय परिणाम होईल ते आपण बोलून ठरवू.

दोष एकट्या तुमच्यावर टाकणं मात्र मला अजिबात मान्य नाही. युजरना वेळ द्यायची परवानगी त्यांच्या मॅनेजरने द्यायची असते आणि ती मिळवून द्यायला पीएमने तुमच्या मागे उभं राहायचं असतं. पुढच्या वेळी वेळ मिळत नसेल तर ती गोष्ट रिस्क म्हणून लेखी नोंदवा, पहिल्याच आठवड्यात.

क्लायंटला प्रायॉरिटी विचारली की म्हणतो सगळंच अर्जंट आहे, सगळंच मस्ट आहे. काय करू?
— वैतागलेली बीए

प्रश्न बदला. "हे महत्त्वाचं आहे का?" असं विचारलं तर नाही कोण म्हणेल, त्याने मागितलंय म्हणजे महत्त्वाचंच आहे. त्याऐवजी विचारा की गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टम प्रत्यक्ष वापरात येण्याच्या, पहिल्या दिवशी हे नसेल तर तुम्ही काय कराल? "काम ठप्प होईल" किंवा "कायदा मोडेल" असं उत्तर आलं तर ते मस्ट. "थोडे दिवस हाताने करू" असं आलं तर ते मस्ट नाही, आणि हे आता त्यानेच सांगितलंय, तुम्ही नाही.

प्रायॉरिटी लावायची मॉस्को (MoSCoW) पद्धत तुम्हाला माहीत असेलच, मस्ट (हवंच), शुड (असावं), कुड (असलं तर बरं) आणि आत्ता नाही. 1994 मध्ये डाय क्लेग यांनी ती मांडली आणि पुढे डीएसडीएम या अजाइल (थोडं थोडं बनवत, दाखवत पुढे जायच्या) पद्धतीत ती रुळली. त्यात एक शिफारस आहे जी बहुतेक जण विसरतात, मस्टमधल्या कामाला एकूण मेहनतीच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा देऊ नये. म्हणजे काही अडलं तर सोडून द्यायला शुड आणि कुडमध्ये जागा राहते. सगळंच मस्ट केलं तर पहिली अडचण आली की तारीखच पुढे ढकलावी लागते, दुसरा मार्गच उरत नाही. हे क्लायंटला शांतपणे सांगा, बहुतेकांना पटतं.

आमची सिस्टम सगळ्या टेस्टमध्ये पास झाली आणि लॉन्चच्या दिवशी बसली. मॅनेजमेंट म्हणते बीएने रिक्वायरमेंट घेतली नाही, बीए म्हणते क्लायंटने लोडबद्दल (एका वेळी किती जण वापरतील त्याबद्दल) काही सांगितलंच नाही. चूक कोणाची?
— एक टेस्ट लीड

चूक कोणाची ते मी इथून ठरवू शकत नाही, पण "क्लायंटने सांगितलं नाही" हे बीएचं उत्तर असू शकत नाही. किती लोक एकाच वेळी येतील, किती सेकंदात उत्तर हवं, डेटा किती वर्षं ठेवायचा, रात्री बंद असलं तर चालेल का, कोणाला काय दिसू नये, या नॉन-फंक्शनल (सिस्टम काय करते यापेक्षा कशी चालते याबद्दलच्या) गोष्टी क्लायंट कधीच आपणहून सांगत नाही, त्याला त्या गृहीत वाटतात. त्या विचारून काढाव्या लागतात, आणि आकड्यात. "सिस्टम फास्ट हवी" ही रिक्वायरमेंट नाही, तुम्ही टेस्ट लीड आहात, तुम्हाला तर माहीतच आहे की "फास्ट" टेस्ट करता येत नाही.

अमेरिकेची हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विम्याची साइट 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी फक्त 6 जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. कारणं पुष्कळ होती पण त्यातलं एक मला बीए म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. लोकांना नुसते प्लॅन बघायचे असले तरी आधी अकाउंट काढायला लावलं होतं. त्यामुळे जे फक्त चौकशीला आले होते तेही सगळे अकाउंटच्याच दारात अडकले आणि तो भाग कोसळला. वरवर बघितलं तर हा स्क्रीनच्या क्रमाचा साधा निर्णय वाटतो, पण त्या एका निर्णयाने लोड कुठे पडणार ते ठरलं. म्हणून म्हणते, फ्लो ठरवताना टेस्टर आणि आर्किटेक्ट त्या चर्चेत हवेत. तुम्ही पण रिक्वायरमेंट रिव्ह्यूला बोलावणं यायची वाट बघू नका, जाऊन बसा.

दोन डिपार्टमेंट हेड एकमेकांच्या विरुद्ध सांगतात. एकाला प्रत्येक व्यवहाराला मंजुरी हवी, दुसऱ्याला एकाही व्यवहाराला थांबवायचं नाही. दोघेही मला म्हणतात मी सांगतो ते लिही. दोघेही माझ्यापेक्षा खूप सीनियर. मी मधल्या मध्ये काहीतरी लिहून टाकू का?
— दीड वर्षाचा अनुभव असलेला बीए

नका लिहू. कोणाचंही समाधान होणार नाही, आणि नंतर दोघेही म्हणतील हे आम्ही सांगितलंच नव्हतं आणि ते खरं असेल.

आधी दोघांना वेगवेगळं भेटा आणि ते काय मागतात ते बाजूला ठेवून त्यांना भीती कशाची आहे ते समजून घ्या. मंजुरी मागणाऱ्याचं पूर्वी कधीतरी मोठ्या रकमेत नुकसान झालेलं असतं, थांबवू नका म्हणणाऱ्याचे ग्राहक वाट बघून निघून गेलेले असतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत. मग आकडे काढा, गेल्या काही महिन्यांचे व्यवहार किती, त्यात मोठ्या रकमेचे किती, चुका कुठल्या रकमांमध्ये झाल्या. बऱ्याचदा दिसतं की थोडेसेच व्यवहार मोठे असतात आणि जोखीम तिथेच साचलेली असते. मग एका पानावर तीन पर्याय लिहा, प्रत्येकाचा फायदा, तोटा, खर्च, आणि ते पान दोघांना एकाच खोलीत एकाच वेळी दाखवा.

तरीही जमलं नाही तर? तर निर्णय तुमचा नाही, हे लक्षात ठेवा. दोघांच्या वरचा जो कोणी स्पॉन्सर (प्रोजेक्टला पैसा आणि मंजुरी देणारा) आहे त्याच्याकडे ते पान जाऊ द्या. निर्णय झाला की त्याच दिवशी मेल करा, काय ठरलं, कोणी ठरवलं, कुठल्या कारणाने. असा डिसिजन लॉग ठेवला की काही महिन्यांनी कोणी "हे असं कोणी केलं?" विचारलं तर उत्तर तुमच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. निर्णय तुम्ही घेऊ नये हे खरं, पण तो लटकत राहू नये हे तुमच्या हातात आहे आणि माझ्या मते चांगला बीए इथेच ओळखू येतो.

आणि एक तपासून बघा, या वादात तिसरं कोणी राहून तर जात नाहीये ना? अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाच्या ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टमची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. तिथल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या निर्णयांमध्ये एअरलाइन्सना नीट सामील करून घेतलंच नव्हतं, त्या आल्या काम बरंच पुढे गेल्यावर, आणि मग त्यांनी मोठ्या आकाराच्या सामानासाठी, स्कीइंगच्या सामानासाठी बदल मागितले. यांत्रिक अडचणी होत्याच, त्यात ही भर. ऑक्टोबर 1993 ला उघडायचा विमानतळ 28 फेब्रुवारी 1995 ला उघडला, आणि ती सिस्टम 2005 मध्ये कायमची बंद केली. स्टेकहोल्डर, म्हणजे ज्याचा या कामाशी संबंध आहे तो, उशिरा आला म्हणून त्याची गरज छोटी होत नाही, फक्त महाग होते.

आमच्या कंपनीने स्क्रम (छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत) सुरू केलं. स्क्रममध्ये बीए नावाचा रोलच नाही म्हणे. माझी नोकरी जाणार का?
— काळजीत असलेला वाचक

स्क्रम गाइडमध्ये तीनच जबाबदाऱ्या आहेत, प्रॉडक्ट ओनर (आधी काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालतेय ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स, हे खरं आहे. पण त्यात टेस्टर आणि डिझायनर हेही वेगळे रोल नाहीत आणि तरी टेस्टिंग आणि डिझाइन करावंच लागतं. रोलचं नाव गेलं तरी काम जात नाही. बॅकलॉगमधल्या (करायच्या कामांच्या यादीतल्या) स्टोरी, म्हणजे युजरच्या छोट्या छोट्या गरजा, स्प्रिंटच्या (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याच्या) आधी स्पष्ट करणं, मोठी स्टोरी उपयोगी तुकड्यात तोडणं, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम पूर्ण झालं हे कशावरून मानायचं ते) लिहिणं, दुसऱ्या टीमवरच्या डिपेंडन्सी शोधणं, हे सगळं कोणीतरी करतंच आणि बहुतेक टीममध्ये एकट्या प्रॉडक्ट ओनरला त्याला वेळ पुरत नाही.

बदलायचं ते तुम्हाला. आधी सगळं लिहून मग द्यायची सवय सोडावी लागेल, पुढच्या दोन स्प्रिंटचं तपशिलात आणि त्यापुढचं मोघम, असं काम करायला शिकावं लागेल. काही जण पुढे स्वतःच प्रॉडक्ट ओनर होतात, तोही चांगला रस्ता आहे, फक्त तिथे "नाही" म्हणायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही तुमच्याकडे येतात.

ताई, मला अरे-तुरे केलं तरी चालेल, मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे. कोडिंग येत नाही. बीए होता येईल का? सर्टिफिकेट कुठलं करू?
— विद्यार्थी

हो, येईल. कोडिंग लागत नाही, पण डेटा कुठे राहतो आणि एका टेबलचा दुसऱ्याशी काय संबंध असतो हे कळायला हवं, म्हणून एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शीक. साधी सिलेक्ट आणि जॉइन जमली तरी पुष्कळ, कारण मग क्लायंट "असं कधीच होत नाही" म्हणाला की तू डेटामध्ये बघून सांगू शकतोस की गेल्या वर्षी किती वेळा झालं. प्रोसेसचा फ्लो काढायला शीक, आणि डिसिजन टेबल (अटींची सगळी कॉम्बिनेशन मांडणारा तक्ता) नक्की शीक, चार अटी एकत्र आल्या की नुसत्या वाक्यात लिहिताना हमखास एखादं कॉम्बिनेशन सुटतं, टेबलमध्ये ते रिकामं राहिलेलं दिसतं. कॉमर्स शिकतोयस ही तर जमेची बाजू आहे, हिशोब, कर, क्रेडिट, स्टॉक हे तुला समजतं आणि ते इंजिनियर मुलांना कामावर लागल्यावर शिकावं लागतं.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर आयआयबीए ही 2003 मध्ये कॅनडात सुरू झालेली बीएंची संस्था यात मुख्य आहे. तिचं ईसीबीए हे नवख्यांसाठी आहे, त्याला अनुभव लागत नाही. त्याच्या वरच्या सीसीबीएला 3,750 तासांचा आणि सीबीएपीला 7,500 तासांचा बीए कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे त्यांचा विचार आत्ता करूच नकोस. ईसीबीएने मुलाखतीला बोलावणं यायला थोडी मदत होईल, पण मी मुलाखत घेताना सर्टिफिकेटपेक्षा हे बघते की मी मुद्दाम अर्धवट माहिती दिली तर समोरचा प्रश्न विचारतो की लगेच उत्तर द्यायला लागतो. जो विचारतो तो मला हवा असतो. घरबसल्या सराव करायचा तर तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक द्यायची-घ्यायची प्रोसेस पूर्ण लिहून काढ, पुस्तक हरवलं, फाटलं, दोघांनी एकाच वेळी मागितलं, सगळ्यासकट. आणि मग तिथे काम करणाऱ्यांना वाचून दाखव. ते जे दुरुस्त करतील त्यातून तू सगळ्यात जास्त शिकशील.

आता एआय मीटिंग रेकॉर्डिंगवरून युजर स्टोरी लिहून देतं. मग बीए कशाला?
— एक आयटी मॅनेजर

वापरा की, मीही वापरते, मिनिट्स (मीटिंगची नोंद) आणि स्टोरीचा पहिला ड्राफ्ट त्याने झटपट होतो आणि ते लिहिण्यात जाणारा वेळ लोकांशी बोलायला मिळतो. पण रेकॉर्डिंगमध्ये जे बोललं गेलं तेच असतं. मीटिंगला जो आलाच नाही, जे बोलायला लोक बॉससमोर कचरले, "बघू" म्हणताना जो चेहरा पडला, ते त्यात नसतं. आणि एक धोका आहे, ड्राफ्ट इतका नीटनेटका येतो की अर्धवट समजलेली गोष्टही पक्की ठरल्यासारखी दिसते. म्हणून माझ्या टीमला मी सांगितलंय की प्रत्येक स्टोरीखाली "हे कोणी सांगितलं" आणि "हे अजून ठरायचंय" अशा दोन ओळी माणसाने भरल्याशिवाय ती पुढे जाणार नाही.

आमच्याकडे गो-लाइव्ह झालं की बीएला लगेच दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकतात. प्रोजेक्ट यशस्वी झाला की नाही हे ठरवायचं कसं मग?
— डिलिव्हरी हेड

हा प्रश्न डिलिव्हरी हेडने विचारलाय याचा मला फार आनंद झाला, कारण हे बदलणं तुमच्याच हातात आहे. आयआयबीएच्या बाबॉक गाइडमध्ये (बीएच्या कामाच्या तिच्या मार्गदर्शक पुस्तकात) बीएच्या कामाचे जे सहा भाग केलेत त्यातला एक पूर्ण भाग सोल्यूशन इव्हॅल्युएशनचा आहे, म्हणजे जे बनवलं त्याने हवा तो फायदा होतोय का ते तपासणं आणि होत नसेल तर कशामुळे अडलंय ते शोधणं. बहुतेक ठिकाणी हा भाग कागदावरच राहतो.

खूप मोठं काही करायला नको. बीएला नव्या प्रोजेक्टवर टाका, पण जुन्याचे थोडे तास राखून ठेवा, गो-लाइव्हनंतर महिन्याने एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. त्याने तिथे जाऊन बघायचं की लोक सिस्टम वापरतायत का, की बाजूला जुनी एक्सेल अजून चालूच आहे? कुठली स्क्रीन कोणी उघडतच नाही? सपोर्टला कुठले कॉल परत परत येतात? यातलं अर्धं तर लॉगमधून (सिस्टमने ठेवलेल्या वापराच्या नोंदीतून) आणि सपोर्टच्या तक्रारींच्या तिकिटांमधून मिळतं. कधी कधी सिस्टम बरोबर असते आणि ट्रेनिंग कमी पडलेलं असतं, कधी ज्या नियमासाठी एवढं बनवलं तो नियमच बदललेला असतो.

फक्त एक अट आहे आणि ती बहुतेक जण चुकवतात. सुधारणा झाली का हे मोजायला आधीचा आकडा लागतो. आधी एका अर्जाला किती वेळ लागायचा, महिन्याला किती चुका दुरुस्त कराव्या लागायच्या, हे जुनी सिस्टम चालू आहे तोपर्यंतच मोजता येतं, ती बंद झाली की सगळे आपापल्या आठवणीप्रमाणे सांगतात. म्हणून तुमच्या पुढच्या प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये अगदी सुरुवातीच्या कामांमध्ये हे एक काम टाका, आणि त्याच्यापुढे बीएचं नाव लिहा.